हिरव्याच्या दिवशी पांढरे पलंग

"तारीख तोंडातून काढायच्या आधी कामापाशी जाऊन उभं राहायचं, ताई. कागदाला विचारून तारीख देऊ नका. कागद काय, कुणालाही हो म्हणतो."

फळ्यावाले काका निवृत्त झाले त्या दिवशी, बोटांवरचा खडू रुमालाला पुसत, एवढंच सांगून गेले होते. पंचवीस वर्षं त्यांनी कारखान्याचं नियोजन सांभाळलं. आज कुठल्या यंत्रावर काय चढेल, उद्या काय उतरेल, परवा कुणाचा माल गाडीत भरला जाईल, हे सगळं त्यांनी भिंतीएवढ्या एका फळ्यावर मांडलं. दारावर नवा पहारेकरी आला तेव्हा त्याने 'फळ्यावाले'चं 'फळवाले' ऐकलं आणि आठवडाभर तो त्यांना संत्र्यांचा भाव विचारत राहिला. काकांनीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता रोज वेगळा भाव सांगितला.

त्यांच्या खुर्चीत आता ताई बसत होती. आठ महिने झाले होते. कारखाना साठ माणसांचा. इस्पितळांना आणि वसतिगृहांना लागणारे लोखंडी पलंग आणि कपाटं तिथे होत. ताई स्वतः कधी नळी वाकवत नसे की जोड देत नसे. गिऱ्हाइकाला तारीख द्यायची आणि ती साठ जणांच्या हातून पाळून घ्यायची, एवढंच तिचं काम. रोज सकाळी घरातून निघताना ती देवापुढे हात जोडून एकच मागणं मागे: आज माझ्या तोंडून खोटी तारीख निघू देऊ नकोस. कुणी उपास धरतं, कुणी मौन धरतं. तिने तारीख धरली होती.

"बाकीच्यांच्या सुना देवाकडे सुखसमाधान मागतात," सासूबाई माळेचे मणी ओढता ओढता म्हणत, "आमची ही गुरुवार मागते."

"गुरुवार मिळाला की सुखसमाधान मागोमाग येतं, आई."

"येऊ दे बाई. डबा विसरू नकोस म्हणजे झालं."

कारखान्यात आठवड्याची एक वेगळीच बोली होती. रंगशाळेत रंगाची पावडर उडवायची मोठी पेटी एकच. तिच्यातून फिकट रंग आधी आणि गडद नंतर, असाच क्रम चाले, कारण निळ्यानंतर पांढरा घ्यायचा तर सगळी पेटी, नळ्या, पावडर उडवायच्या बंदुका धुवाव्या लागत आणि त्यात पाच तास जात. म्हणून सोमवारी पांढरा, मंगळवारी दुधी, बुधवारी हिरवा, गुरुवारी निळा, शुक्रवारी करडा आणि शनिवारी धुलाई. वर्षानुवर्षं असंच चालल्यामुळे वारांची नावं कारखान्यात कुणी घेतच नसे. "लेकीचं नाव शाळेत घालायचंय, हिरव्याला उशिरा येतो," असं जोडारी सांगे. एका मावशींनी तर नातवाचा जन्म 'करड्याला, दुपारच्या चहाला' झाल्याचं सांगून डॉक्टरांना बुचकळ्यात टाकलं होतं.

ताईलाही सुरुवातीला हे ऐकून हसू यायचं. मग कधी तिच्याही जिभेवर तेच वार बसले, तिचं तिला कळलं नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

दोन आठवड्यांपूर्वी एका इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला होता. अठरा पलंग हवे होते, पांढरे. एका मोठ्या खोलीतले जुने पलंग गुरुवारी दुपारी मोडीत निघणार, शुक्रवारी सकाळी नऊला पेशंट परत त्या खोलीत येणार.

"तोपर्यंत पलंग नसतील तर मला गाद्या जमिनीवर टाकाव्या लागतील," सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशन झालेली माणसं आहेत. त्यांना जमिनीवरून उठवायचं कसं, ते तुम्ही येऊन दाखवा मला."

"गुरुवारी संध्याकाळी पलंग तुमच्या खोलीत असतील."

"तारीख सगळेच देतात हो."

"मी विचारून देतेय," ताई म्हणाली, आणि खरंच फोन खाली ठेवून, नळ्या कापणाऱ्यापासून गाडीत माल भरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाजवळ जाऊन उभी राहून आली. तासाभराने तिने उलट फोन करून सांगितलं, "गुरुवार. माझा शब्द." मग फळ्यावरच्या खाचेत लावायचं कार्ड लिहिलं. मनात होतं, गुरुवारी पाठवायचे. हाताने लिहिलं: 'सिस्टर. अठरा पलंग. निळ्याला.'

काकांच्या काळात कार्डावर वर रंग आणि खाली आकड्यात तारीख असे; बोलीतले वार कार्डावर कधी येत नसत. बाहेरचं कुणी त्या खुर्चीत असतं तर त्याने सरळ 'गुरुवार' लिहिलं असतं. ही चूक करायला कारखान्यात मुरलेलंच माणूस हवं होतं.

बुधवारी सकाळी आठला रंगारी मामा फळ्याशी आले. बत्तीस वर्षं रंगात काढलेला माणूस. भुवयांच्या केसांतसुद्धा कालचा दुधी रंग होता.

"ताई, एक विचारू का? ह्या सिस्टर लोकांना निळा कधीपासून आवडायला लागला?"

"कुठला निळा?"

"उद्याचा. अठरा पलंग निळ्याच्या रांगेत लावून ठेवलेत मी. धुऊन पुसून तयार आहेत. पण इस्पितळाचे पलंग म्हणजे पांढरे, म्हणून म्हटलं विचारावं."

ताईने कार्ड काढून वाचलं. आपलंच अक्षर तिला परक्यासारखं दिसलं. पांढऱ्याचा दिवस परवाच होऊन गेला होता, पुढचा पाच दिवसांनी होता, आणि मधे उद्याचा गुरुवार उभा होता.

"मामा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी वार लिहिला, तुम्ही रंग वाचलात. तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत."

मामांनी टोपी काढून परत घातली. 

एवढ्यात विक्रीचे साहेब आत आले. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी ते हो म्हणत, म्हणून सगळे त्यांना होकारे म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही असावं.

"काय झालं? शोकसभा भरलीय का?" त्यांनी विचारलं. ऐकून घेतल्यावर ते चटकन म्हणाले, "मग सोपं आहे. आत्ता पेटी धुवायला घ्या, दुपारपासून पांढरा उडवा."

"आज पेटीवर वसतिगृहाची ऐंशी हिरवी कपाटं आहेत, साहेब. तीही उद्याच जायची आहेत."

"त्यांना मी सांगतो दोन दिवस थांबायला. कपाटंच ती, कपड्यांना काय घाई."

"त्यांनाही तारीख मीच दिलीय."

"अहो ताई, एक तारीख राखायची तर दुसरी थोडी सरकते. जग असंच चालतं."

"जग चालत असेल. फळा नाही चालत," ताई हळू आवाजात म्हणाली. "एकाची चूक निस्तरायला दुसऱ्याची तारीख मोडली की तिसऱ्याची मोडते. मग फळ्यावर नुसती कार्डं उरतात."

होकारेंनी मामांकडे पाहिलं, मामांनी छताकडे पाहिलं.

ताईने आधी फोन उचलला. सिस्टरांना तिने काही न लपवता सांगितलं, चूक कुणाची तेही सांगितलं, आणि विचारलं, "निळे चालतील का? निळे नक्की मिळतील."



"नाही चालणार," सिस्टर म्हणाल्या. "मी पांढरा मागते तो शोभेला नाही मागत. पांढऱ्यावर डाग दिसतो. रक्त असो, औषध असो, दिसलं की पुसता येतं. निळ्यावर लपतं आणि मग ते पुढच्या पेशंटच्या अंगाला लागतं. आता काय करताय तुम्ही?"

"बघते."

"बघते ही तारीख आहे का?"

"नाही. दहा वाजता फोन करते. ही तारीख आहे."

फोन ठेवून ती रंगशाळेत गेली आणि साखळीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे उभं राहिलं की तिला नेहमीच थोडं शांत वाटे. छताला एक लांब साखळी संथ फिरत असे. तिला आकडे लोंबत. आकड्याला टांगलेला माल आधी पेटीतून जाई, तिथे त्याच्यावर पावडर बसे. मग दहाएक पावलं उघड्यावरून जाऊन तो भट्टीत शिरे आणि भाजून, कडक होऊन, दुसऱ्या टोकाला बाहेर पडे. पेटीवर मामांची सून होती. साऱ्या कारखान्याचे ते मामा. मामंजी म्हणणारी ती एकटीच. तिच्या पेटीतून एकेक हिरवं कपाट बाहेर येत होतं.

ताई पाहत राहिली. एक कपाट. मग एक मोकळा आकडा. मग कपाट. मग मोकळा.

"मधला आकडा रिकामा का जातो गं?"

"वळणावर कपाटांची दारं झुलतात, ताई. लागून टांगली तर एकमेकांवर आपटतात. म्हणून एक सोडून एक."

ताईने घड्याळ लावलं. मोकळा आकडा दर सहा मिनिटांनी येत होता. भट्टीत तो मोकळाच शिरत होता, मोकळाच भाजून निघत होता. भट्टीला रंगाशी देणंघेणं नव्हतं. तिला फक्त ताप ठाऊक. अडचण होती ती पेटीची. पण पेटी आणि भट्टी यांच्यामधली ती दहा पावलं?

"मामा," तिने हाक मारली. "डागडुजीच्या खोलीतली छोटी बंदूक चालते का?"

मागच्या बाजूला एक लहान खोली होती. खरचटलेल्या मालाला हाताने पावडर द्यायची तिथली जागा.

"चालते म्हणजे काय. दोन वर्षांत तिच्यातून पांढऱ्याशिवाय काही उडू दिलेलं नाही मी. दुधीसुद्धा नाही." मामांना विचार पोचायला क्षणही लागला नाही. ते साखळीकडे वळले, मोकळ्या आकड्याकडे पाहिलं, भट्टीच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे पांढरा तिथे द्यायचा आणि इथे, पेटीच्या पुढे, भट्टीच्या अलीकडे, मोकळ्या आकड्याला लावायचा. हिरव्याच्या पोटातून पांढरा न्यायचा."

"एका पलंगाचे तीन भाग. बैठक, डोक्याचा कठडा, पायाचा कठडा. अठरा त्रिक चोपन्न. सहा मिनिटांना एक आकडा. दहाला सुरू केलं तर जेवणाची सुट्टी धरून चारला शेवटचा भट्टीत जातो. तुम्हाला एक भाग सहा मिनिटांत होईल का हाताने?"

"पूर्वी चारात व्हायचा."

"मामंजी," सून पेटीवरून म्हणाली, "खांद्याचं काय ते सांगा ताईंना."

"तू तुझी कपाटं बघ."

"रात्री शेक मलाच द्यायचाय, म्हणून म्हणतेय."

"देशील. सासऱ्याला शेक दिल्याने सून झिजत नाही." मग ताईकडे वळून ते म्हणाले, "भट्टीत माल दुप्पट जाणार, ताप थोडा चढवावा लागेल. आणि एक गोष्ट. मोकळा आकडाही पेटीतूनच येतो, त्याच्यावर हिरवी भुकटी बसलेली असते. प्रत्येक आकडा ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसल्याशिवाय माझा पांढरा त्याला लागता कामा नये. पुसणार कोण?"

"मी."

दहा वाजता तिने सिस्टरांना फोन केला. "गुरुवार संध्याकाळ," ती म्हणाली. "आणि पांढरे."

मग साडीचा पदर खोचून ती साखळीपाशी बसली. तिच्या डाव्या हाताला ओलं फडकं, उजव्या हाताला कोरडं. मोकळा आकडा आला की ती तो पुसे, आणि मागच्या खोलीतून दोघेजण पांढऱ्या पावडरीचा एकेक भाग, जणू झोपलेलं तान्हं उचलून आणावं तसा, बोटांच्या टोकांनी आणून त्याला लावत. पावडर नुसती बसलेली असते, भाजेपर्यंत फुंकरीनेही उडते. म्हणून त्या दहा पावलांत कुणी शिंकायचंसुद्धा नाही अशी मामांची ताकीद होती. त्यामुळे एरवी ज्यांना कधी शिंक येत नसे त्यांनाही त्या दिवशी नाक धरून बाहेर पळावं लागलं.

दोन आकड्यांच्या मधे ताई दारातून मामांकडे पाही. तिने आजवर मामांना पेटीच्या कळा दाबतानाच पाहिलं होतं. हातात बंदूक घेतलेले मामा कुणी निराळेच होते. कठड्याच्या गजांवरून त्यांचा हात वरून खाली, न थांबता, घाई न करता असा उतरे, जणू पाणी ओघळावं. गजाच्या मागची बाजू, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे ते आधी जात. एकही थर जाड नाही, एकही जागा उपाशी नाही. दुखरा खांदा वर जाताना तेवढे त्यांचे ओठ मिटत. कित्येक वर्षं जप करणाऱ्याची बोटं मण्यांवरून जशी आपोआप सरकतात, तसं ते होतं. ताईला वाटलं, आपण फळ्यावर 'सहा मिनिटं' लिहितो, त्या सहा मिनिटांत हे एवढं असतं.

तिसाव्या-बत्तिसाव्या आकड्याला होकारे फोन नाचवत आले. एका गिऱ्हाइकाला त्यांनी सोमवारी माल देतो म्हणून हो सांगितलं होतं आणि आता सोमवारी जागा आहे का, ते विचारत होते.

"आधी विचारायचं, मग हो म्हणायचं, साहेब."

"तसं केलं तर माझं नाव बदलावं लागेल."

ताई हसली, मान वळवून त्यांच्याशी दोन वाक्यं बोलली, आणि पुढच्या आकड्याकडे वळली.

चारला पाच मिनिटं कमी असताना चोपन्नावा भाग भट्टीत गेला. ऐंशी कपाटंही वेळेवर उतरली. मामांनी बंदूक धुऊन, पुसून, खुंटीला लावली आणि मगच खांद्यावर हात ठेवला.

गुरुवारी दुपारी जोडणीच्या बाकांवर अठरा पलंग उभे राहिले. सारी जागा उजळल्यासारखी दिसत होती. मावशी येऊन हात न लावता बघून जात होत्या. मामा प्रत्येक पलंगाभोवती फिरले, वाकले, गजांमागून पाहिलं. अकराव्यापाशी ते थांबले आणि त्यांनी ताईला खुणेने बोलावलं.

पायाकडच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाशी, तिळाएवढा हिरवा ठिपका होता. रंगाच्या आत भाजून बसलेला.

ताईला तो आकडा कुठला ते लगेच आठवलं. होकारेंशी बोलताना फडकं फिरलं होतं, त्यामागून नजर फिरली नव्हती.

"सिस्टरांना भिंग लागेल शोधायला," होकारे वाकून म्हणाले. "गाडी भरा."

"ज्यांना पांढऱ्यावर डाग दिसायला हवा, त्यांना हा पहिल्या दिवशी दिसेल," मामा म्हणाले. "आणि दिसला की त्या पुसायला जातील. पुसून जायचा नाही. मग बाकीच्या सतरांकडेही संशयाने बघतील."

पुन्हा भाजायला वेळ नव्हता. ताईने विचार केला. "पलंग आज जाऊ देत. मी उद्या सकाळी जाईन. पेशंट यायच्या आधी. ठिपका आपणहून दाखवते, काय झालं ते सांगते. त्यांनी परत न्या म्हटलं तर सोमवारच्या पांढऱ्यात नवा कठडा लावून देईन."

"न्या म्हणणार नाहीत," मामा म्हणाले. ते मागच्या खोलीत जाऊन एक औषधाची रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यात हवेवर वाळणारा पांढरा रंग होता आणि दोऱ्याने बांधलेली बारीक कुंचली. "परवानगी दिली तर एकच थेंब. दोन नको. फुंकर घालायची नाही." मग ते थोडे घुटमळले. "आणि जमलं तर, ताई, जरा थांबा तिथे. कुणी आडवं झालेलं बघून या. बत्तीस वर्षं पलंग रंगवतोय, पण त्यावर निजलेलं माणूस काही मी बघितलं नाही. कसं दिसतं ते येऊन सांगा मला."

"सांगेन, मामा."

"विसरायचं नाही."

"मी तारीख दिली की विसरते का?"

"तारीख नाही विसरत," सून पेटीवरून म्हणाली, "वार तेवढा चुकीचा लिहिता." आणि सगळ्यांच्या आधी ताईच हसली.

साडेचारला गाडी निघाली. सहाला सिस्टरांचा फोन आला. "मोजले," त्या म्हणाल्या. "अठरा आहेत." तेवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि ताईला ते कौतुकापेक्षा जास्त वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती रोजच्यापेक्षा दीड तास आधी उठली. शुक्रवारची कार्डं आदल्या संध्याकाळीच फळ्यावर लावून झाली होती, वर रंग, खाली आकडे. घरात अजून उजाडलेलं नव्हतं. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या, त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "एवढ्या लवकर? आज काय मागितलंस देवाकडे?"

"काही नाही, आई. आज नुसतं सांगून निघालेय."

"काय सांगितलंस?"

"कुठे जातेय ते."

सासूबाईंनी मान हलवली आणि पुढचा मणी ओढला. ताईने बाटलीचं बूच पुन्हा एकदा घट्ट केलं, ती रुमालात गुंडाळून पिशवीत उभी ठेवली, आणि दाराची कडी वाजणार नाही अशा बेताने ओढून घेऊन ती जिना उतरू लागली.